कॅमेरा जरा इकडे दे की!

मित्रांनो, सुरुवातीलाच माफी मागून टाकते. माझं शिक्षण पहिलीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा विषय आठवड्यातून चार तास भेटायचा, आणि बाकीच्या तासांना मराठीत बोललं की दंड! घरी आज्जी आणि पप्पांशी कन्नड, आईशी मराठी, मैत्रिणींशी हिंदी-इंग्लिशची खिचडी आणि शेजारच्या घरातून दिवसभर तेलुगू. थोडक्यात, मी टिपिकल सोलापूरकर आहे. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने दुरुस्त करावं, आणि मुद्दा चुकला असं वाटलं तर मला कॅन्टीनमध्ये गाठावं.

मुद्दा फोटोंचा आहे.

आपल्या मॅगझिनचा मागचा अंक काढा आणि एन.एस.एस. कॅम्पचं पान उघडा. काय दिसतं? बॅनरसमोर प्रमुख पाहुणे. नारळ फोडताना पाहुणे. हातात टिकाव घेऊन कॅमेऱ्याकडे बघत हसणारे आपण (टिकाव जमिनीला लागल्याचा एकही फोटो नाही, हे माझ्या रूममेटने शोधून काढलं). आणि खाली कोपऱ्यात एक फोटो, त्याच्याखाली ओळ : 'ग्रामस्थांशी संवाद साधताना विद्यार्थी'. त्या फोटोत विद्यार्थ्यांची नावं आहेत, डावीकडून उजवीकडे, क्रमाने. ग्रामस्थांची नाहीत. ते नुसतेच ग्रामस्थ. एन.एस.एस.चं ब्रीदवाक्य काय, तर 'नॉट मी बट यू'. आणि पानभर सगळे 'मी'!

हे मी दुसऱ्या कोणाला दोष द्यायला लिहीत नाहीये. त्यातले सहा फोटो माझ्याच मोबाईलमधले आहेत.

गेल्या जानेवारीत आपला सात दिवसांचा कॅम्प अक्कलकोट तालुक्यात, भीमेच्या अलीकडच्या एका गावात होता. पलीकडच्या काठावर कर्नाटक. गावातली बहुतेक घरं कन्नड बोलणारी, त्यामुळे पहिल्याच दिवशी माझं प्रमोशन होऊन मी 'दुभाषी' झाले. सर्व्हेचे फॉर्म मराठीत, उत्तरं कन्नडमध्ये, मध्ये मी. माझं कन्नड म्हणजे आज्जीचं कन्नड, स्वयंपाकघरातलं आणि देवघरातलं. 'सांडपाण्याचा निचरा' याला कन्नडमध्ये काय म्हणतात हे मला कुठून ठाऊक असणार? पण निभावलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात सगळंच निभावतं.

तिसऱ्या दिवशी जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळेत कार्यक्रम होता. हे आपल्यातल्या पुण्या-मुंबईकडच्या मित्रांना खरंच माहीत नसतं, म्हणून सांगते. महाराष्ट्र सरकारच्या शाळा कन्नड माध्यमातही आहेत, आणि बालभारती कन्नडमध्येही पुस्तकं छापते. चौथीतला शिवरायांचा इतिहास ही मुलं कन्नडमधून वाचतात. तर तिथे मी नेहमीप्रमाणे फोटो काढत होते. मुलांना रांगेत उभं केलं, 'स्माईल' म्हणाले, ती हसली. तेवढ्यात सातवीतली एक मुलगी रांग सोडून पुढे आली आणि म्हणाली, "अक्का, ना तेगीली?" म्हणजे, ताई, मी काढू का?

खरं सांगते, पहिल्यांदा मी 'नंतर' म्हणाले. नवीन फोन होता. मग आज्जीचा आवाज कानात आला (ती अशा वेळी बरोबर येतो) आणि मी फोन दिला.

पुढचे दोन दिवस तो फोन माझ्याकडे फक्त चार्जिंगला यायचा. बॅटरी संपेपर्यंत आठ-दहा मुलंमुली तो आळीपाळीने वापरत होती. रात्री मी आणि माझ्या मैत्रिणी ते फोटो बघत बसायचो. चारशेच्या वर फोटो. त्यातले निम्मे बोटांचे, पायांचे आणि बकरीच्या पिल्लांचे. पण राहिलेल्या निम्म्यांत असं गाव होतं जे आम्ही तीन दिवस तिथे राहून बघितलंच नव्हतं.

एक फोटो सांगते. फक्त एक तळहात, त्यावर बसची दोन तिकिटं. एवढंच. मला वाटलं चुकून काढलेला असेल. डिलीट करणार होते. सकाळी त्या मुलीला विचारलं तेव्हा तिने पूर्ण हिशेब सांगितला. हात तिच्या मावशीचा. मावशीचं सासर नदीपलीकडे. कर्नाटकात जून 2023 पासून 'शक्ती' योजना आली, तिथल्या बायकांना सरकारी साध्या बसमधून फुकट प्रवास. तिकीट मिळतं, पण त्यावर रक्कम शून्य. महाराष्ट्रात मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट. तर मावशी माहेरी येताना हद्दीपर्यंत शून्याच्या तिकिटावर येते, पूल ओलांडते आणि अलीकडे अर्ध्या तिकिटावर बसते. तिची आई मावशीकडे जाते तेव्हा? इकडे अर्धं, आणि पलीकडे पूर्ण, कारण 'शक्ती' कर्नाटकच्या रहिवाशांनाच लागू, आणि आईचं आधार कार्ड महाराष्ट्राचं. दोघी सख्ख्या बहिणी, एकच रस्ता. "म्हणून मावशीच जास्त येते," ती म्हणाली. आणि वर : मावशीला तिकडे गृहलक्ष्मीचे दोन हजार, आईला इकडे लाडक्या बहिणीचे दीड हजार, त्यावरून दोघींची चेष्टामस्करी चालते, कधी कधी खरं भांडणही होतं.

मित्रांनो, सीमाप्रश्न मी अकरावीपासून ऐकतेय. 1956 ची राज्यपुनर्रचना, 1966 साली नेमलेला महाजन आयोग, 1967 चा त्याचा अहवाल. बेळगाव कर्नाटकातच राहू द्या आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत इथली गावं कर्नाटकाला द्या, असं त्या अहवालात होतं, आणि महाराष्ट्राने तो साफ फेटाळला. मग 2004 साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. हे सगळं वादविवाद स्पर्धेसाठी पाठ केलं होतं, तिसरा नंबरही आला होता. पण सीमा म्हणजे नक्की काय, हे मला त्या तळहातावरच्या दोन तिकिटांनी पहिल्यांदा समजलं. तिथे नकाशा नव्हता, झेंडा नव्हता, कोणाची घोषणा नव्हती.

आता दुसरी बाजू बघा. नोव्हेंबर 2022 आठवतो? कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई जत तालुक्यातल्या गावांबद्दल बोलले, मग अक्कलकोट-सोलापूरबद्दल. जतच्या गावांनी पाण्यासाठी पूर्वी केलेला ठराव पुन्हा बाहेर आला. अक्कलकोटच्याही काही गावांनी 'आम्हाला सुविधा द्या, नाहीतर कर्नाटकात जातो' असं म्हटलं. मग काय! चॅनेलच्या गाड्या आल्या. मी तेव्हा शाळेत होते, पण टीव्हीवर बघितलेलं डोळ्यासमोर आहे : खड्ड्याचा क्लोज-अप, कोरडी विहीर, पारावरचे चार म्हातारे, आणि माईक पुढे करून एकच प्रश्न, "इकडे की तिकडे?" डिसेंबरमध्ये बसना काळं फासलं गेलं, गाड्या बंद झाल्या. फेब्रुवारी 2025 मध्ये कंडक्टर-ड्रायव्हरच्या भाषेवरून पुन्हा तेच, पुन्हा बस बंद. त्या दिवसांत आमच्याकडे कलबुर्गीहून आज्जीची बहीण यायची होती, ती आलीच नाही. बातमीत बसचा फोटो होता. बसमध्ये जी बसली नाही तिचा फोटो कोण काढणार?

माझा राग चॅनेलवाल्यांवर नाही. त्यांना दोन मिनिटांत गोष्ट सांगायची असते. पण कोणी बाहेरून आला की त्याला सीमेवर 'सीमा'च दिसते. आम्हालाही तेच झालं. आम्ही कॅम्पला गेलो आणि पहिल्या संध्याकाळी काय केलं? 'कर्नाटक आपले स्वागत करत आहे' अशा अर्थाच्या बोर्डाखाली सेल्फी! त्या मुलांच्या चारशे फोटोंत तो बोर्ड एकदाही नाही. त्यांच्यासाठी तो बोर्ड म्हणजे रोजच्या रस्त्यावरचा खांब.

घरी आल्यावर मी नेटवर आणि लायब्ररीत थोडा शोध घेतला (सबमिशनच्या आदल्या आठवड्यात माणसाला भलत्याच विषयात रस येतो, हा अनुभव सर्वांचाच असेल). कळलं की ही कल्पना काही माझी नाही, खूप जुनी आहे. चीनच्या युन्नान प्रांतात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस या दोघींनी 62 खेडवळ बायकांच्या हातात साधे कॅमेरे दिले आणि सांगितलं, तुमच्या रोजच्या जगण्याचे फोटो काढा. मग एकत्र बसून त्या फोटोंवर बोला. हे दुसरं पाऊलच महत्त्वाचं. इथे काय दिसतंय? खरं काय घडतंय? याचा आपल्या जगण्याशी संबंध काय? हे असं का आहे? आपण काय करू शकतो? साधारण अशा प्रश्नांवर चर्चा. त्या पद्धतीला पुढे 'फोटोव्हॉइस' असं नाव पडलं. ते फोटो अधिकाऱ्यांना दाखवले गेले, आणि शेतावर जाणाऱ्या बायकांची मुलं सांभाळण्याची सोय, सुईणी, मुलींचं शिक्षण यांवर कामं झाली. म्हणजे आम्ही 62 पानांचा सर्व्हे करून जे मिळवतो, त्याच्या पुढचं.

त्याच्याही आधी अमेरिकेत वेंडी एवाल्ड ही फोटोग्राफर केंटकीच्या डोंगराळ भागातल्या शाळकरी मुलांना कॅमेरे देऊन त्यांची स्वप्नं, त्यांची घरं टिपायला सांगत होती. ती 1989 च्या सुमारास आपल्या शेजारच्या गुजरातमध्येही एका खेड्यात येऊन राहिली, आणि तिथल्या मुलांनी काढलेल्या फोटोंचं पुस्तक 1996 साली निघालं.

पण मला सर्वांत आवडला तो अमेरिका-मेक्सिको सीमेवरचा प्रयोग, 'बॉर्डर फिल्म प्रोजेक्ट'. तिघा तरुण मित्रमैत्रिणींनी वापरून टाकायचे कॅमेरे दोन्ही बाजूंना वाटले. एका बाजूला वाळवंटातून चोरून सीमा ओलांडणारे लोक, दुसऱ्या बाजूला त्यांना अडवायला स्वतःहून पहाऱ्याला बसलेले 'मिनिटमेन'. सोबत टपालाचं पाकीट : फोटो काढा आणि कॅमेरा परत पाठवा. सत्तरच्या वर कॅमेरे परत आले, सुमारे दोन हजार फोटो निघाले, 2007 साली पुस्तक आलं. एकमेकांचे शत्रू समजले जाणारे लोक, आणि दोघांच्याही फोटोंत तेच ऊन, तीच धूळ, तेच थकून बसणं. त्यात कोण बरोबर, कोण चूक, हे पुस्तक सांगत बसत नाही. मला वाटतं भीमेच्या दोन्ही काठांवर हे करायला हवं. आपल्याकडे तर वाळवंटही नाही आणि शत्रूही नाही, एका काठावरची मुलगी दुसऱ्या काठावर दिलेली असते. पाकिटाचीही गरज नाही, मावशी आणून देईल.

आणि आपल्या सोलापूरला हे परकं कसं वाटेल? ज्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला आपण दरवर्षी गड्ड्यावर जातो, त्यांनी बाराव्या शतकात वचनं लिहिली ती कन्नडमध्ये. आणि भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला जो शिलालेख आहे, इसवी सन 1018 चा, तो मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. आपल्याच सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. शेवटच्या ओळीचा अर्थ असा की जो हे वाचेल तो विजयी होईल. कन्नड मुलखाच्या काठावर मराठी आणि मराठी राज्याच्या गावात कन्नड, हे हजार वर्षं चाललंय. आपल्याला त्याचं टेन्शन कालपरवा आलं.

आता विरोधात काय काय येईल ते मीच सांगते, कारण हे सगळं मला आधीच ऐकवून झालं आहे.

"फोन फोडतील." नाही फोडला. स्क्रीनगार्डला एक चरा गेला, तोही माझ्या मैत्रिणीच्या हातून.

"फोटो टेक्निकली वाईट असतात." असतात. आपल्या पहिल्या सी प्रोग्रॅमसारखेच. रन झाला ना?

"सीमाभागातला विषय आहे, उगाच राजकारण होईल." हा मात्र खरा प्रश्न आहे. मी त्यावर खूप विचार केला. दोन तिकिटांचा तो फोटो उद्या कोणीतरी 'बघा, कर्नाटक किती चांगलं' असं लिहून पाठवू शकतो, आणि दुसरा कोणी 'बघा, फुकट्या योजना'. फोटो मुका असतो, त्याच्या तोंडी काहीही घालता येतं. म्हणूनच खालची ओळ काढणाऱ्याची हवी, आपली नाही. तिने सांगितलेली ओळ होती : मावशीच जास्त येते. यात कुठल्या सरकारची जाहिरात करून दाखवा!

चौथा आक्षेप कोणी घेतला नाही, तो माझा मलाच आहे. 'बॉर्न इंटू ब्रॉथेल्स' ही फिल्म पुष्कळांनी बघितली असेल. कोलकात्याच्या सोनागाचीतल्या मुलांना झाना ब्रिस्की या फोटोग्राफरने कॅमेरे शिकवले, फिल्मला 2005 साली ऑस्कर मिळालं. मुलांचे फोटो खरोखर सुंदर आहेत. पण फिल्मवर टीकाही झाली, की शेवटी गोष्ट मुलांची राहत नाही, त्यांना वाचवायला आलेल्या बाईची होते. मी ती बघताना अस्वस्थ झाले, कारण मला स्वतःचा चेहरा दिसला. हा लेखही बघा ना, सुरुवातीपासून 'मी फोन दिला, मी फोटो बघितले, मी शोध घेतला'. मुलांनी काढलेल्या फोटोंवर लेख लिहून नाव माझं छापून येणार, कदाचित बक्षीसही. ही अडचण मला सोडवता आलेली नाही. कमी मात्र करता येईल, आणि त्यासाठीच हे लिहितेय.

तर माझी मागणी. येत्या कॅम्पला आपण सत्तर जण जाणार. त्यातल्या फक्त पाच जणांनी आपले जुने फोन (प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये एक पडून आहे, नाही म्हणू नका) सिमकार्ड काढून, साफ करून आणायचे. सातही दिवस ते शाळेतल्या मुलांकडे. त्यात निम्म्या मुली असल्याच पाहिजेत, कारण फोन मोकळा सोडला की दुसऱ्या तासाला तो मुलांच्या टोळीकडे असतो, हे मी पाहिलं आहे. रोज संध्याकाळी आपल्या त्या 'बौद्धिक सत्रा'तला अर्धा तास कमी करायचा आणि मुलांसोबत बसून फोटो बघायचे. शेवटच्या रात्री करमणुकीचा कार्यक्रम असतो तेव्हा प्रोजेक्टर तिथे असतोच. पहिलं प्रदर्शन तिथेच, गावात, शाळेच्या भिंतीवर. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये नंतर. कुठला फोटो भिंतीवर लागेल, कुठला मॅगझिनला जाईल आणि कुठला कोणालाच दिसणार नाही, हे ज्याने काढला त्याने आणि ज्याचा काढला त्याने ठरवायचं, लहान असेल तर आईवडिलांनी. आपल्यापैकी कोणी तो स्टेटसला टाकायचा नाही. यात सूट नाही.

आणि मॅगझिनची चार पानं. रंगीत नको, परवडत नाही हे माहीत आहे. पण फोटोखाली काढणाऱ्याचं नाव, आणि ओळ त्याच्याच भाषेत.

इथे माझी आणि संपादक मंडळाची गाडी अडली. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "मराठी विभागात कन्नड कसं छापणार? आपल्याकडे इंग्रजी, हिंदी, मराठी असे तीनच विभाग आहेत." प्रश्न बरोबर आहे. टायपिंगची अडचण आहे, प्रूफ कोण वाचणार हीही आहे (मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही, आज्जीला वाचता येतं पण चष्मा बदलायचाय). पण माझं म्हणणं असं की तो फोटो मराठी विभागातच यावा. वर कन्नड ओळ, खाली मराठी. कारण ते गाव महाराष्ट्रात आहे, ती मुलगी महाराष्ट्राची आहे, आणि 'इकडे की तिकडे' असं विचारण्याच्या आधी आपण तिला आपल्या चार पानांत तिच्या भाषेत जागा दिली तर काय बिघडेल? बेळगावच्या मराठी मुलांनी मराठीतून बोलावं, मराठी पाट्या लावाव्यात, असं आपण सगळे छाती ठोकून म्हणतो. मीही म्हणते. मग अक्कलकोटच्या कन्नड मुलीला वेगळा नियम कसा लावायचा? यावर मला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. संपादकांनी 'बघू' म्हटलं आहे. आपल्या कॉलेजात 'बघू'चा अर्थ काय होतो ते तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून हा लेख सगळ्यांसमोर.

जाता जाता, तुम्ही म्हणाल एवढं वर्णन केलंस तर तो तिकिटांचा फोटो लेखाबरोबर का नाही? फोटो माझ्याकडे आहे. निघताना मी त्या मुलीला विचारलं, छापू का? ती म्हणाली, माझी ना नाही, पण हात मावशीचा आहे, तिला विचारायला पाहिजे. मागच्या आठवड्यात मी शाळेतल्या बाईंच्या फोनवर पुन्हा विचारलं. मावशी ज्वारीच्या काढणीत आहे, महिनाभर तरी येणार नाही. अंकाची शेवटची तारीख त्याआधी आहे.